हिरव्या उजेडातली निर्गुंडी

मावशींचं गुडघ्यांचं चूर्ण मी अर्धवट तपासणीवरच गटारात ओतायला लावलं.

मावशी म्हणजे कुरुळीतल्या माझ्या घरमालकीण. निर्गुंडीचा पाला त्यांच्याच बांधावरचा, कुटून द्यायचा एक वैद्य. त्या चूर्णावर त्यांचे गुडघे चालायचे. पण मूत्रपिंडं नाजूक, डॉक्टरांनी वेदनाशामक गोळ्या साफ बंद केलेल्या. आणि असल्या चूर्णात कुणी कुणी गोळ्याच कुटून घालतात. चाकणच्या प्रयोगशाळेत हेच शोधायची नोकरी करणारा मी शहाणा म्हणालो, तुमचंही बघतो.

चूर्णाचा थेंबभर अर्क तपासणीच्या पट्टीवर लावला. पहिल्याच पट्टीवर गोळीचा डाग. लगेच मावशींना फोन. डबा रिकामा.

मग खातरीसाठी झुडपाचा ताजा पाला नेला. मावशी आदल्या सांजेला झुडपाला तांदूळ वाहून आवतण देतात, सकाळी काही न बोलता पाला तोडतात. मी गाडीवरून न उतरताच ओरबाडला.

भर दुपारीही आमची तपासणीच्या दिव्याची खोली विहिरीच्या तळासारखी काळी. अतिनील दिवा लावला, पट्टी हिरवी उजळली, आणि ताज्या पाल्यातही तोच काळा डाग. झाडाला गोळी कोण चारणार? पट्टीवरचा शेजारचा रकाना मी काहीच न लावता कोरा ठेवला होता. त्यातही तोच. दुसरी पट्टी केली. पुन्हा डाग, शिवाय कडेला चार काळी बोटं, पलीकडून कुणीतरी पट्टी धरून उभं असल्यासारखी. मानेवर गार वारा आला. एसीचा असेल, पण मी हात जोडून पुटपुटलो, "चुकलं बाई, न विचारता तोडलं."

"कुणाशी बोलताय?" दारात आमच्या मॅडम. आत आल्या, नाक मुरडलं. "मलम चोळून आलात?"

आलो होतो. चाकणच्या रस्त्यावर गाडी आदळून खांदा धरतो, म्हणून रोज सकाळी मलम. त्याच गोळीच्या औषधाचं! आणि हातमोज्यांत बोटं अवघडतात, म्हणून ते खिशात. काळी बोटं माझीच.

मॅडमनी उरलेला नमुना स्वतः तपासला. चूर्ण स्वच्छ.

संध्याकाळी मावशी भिंतीला टेकून बसलेल्या. पाय लांब, गुडघे सुजून टम्म. सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी तुझ्या हाताची घाण तू माझ्या औषदात हुडकली व्हय रं? आता मला उठवत न्हाई. चा तूच टाक. पर आदी हात धू."