उंट, बैल आणि नागोराव मुन्शी

नागोराव मुन्शी सिनेमाला जाताना बॅटरी बरोबर नेत. अंधारात पायरी दिसावी म्हणून नव्हे. पडद्यावर जे चाललंय ते मांडीवरच्या पुस्तकाशी जुळतं का, हे ओळीवर बोट ठेवून तपासता यावं म्हणून. मागच्या रांगेतून आरडाओरडा व्हायचा, "ओ चचा, बत्ती बुझाओ! पिक्चर देखने आए कि इम्तिहान लेने?" मुन्शीजी मान न वळवता म्हणायचे, "इम्तिहानच आहे. तुम्ही नापास व्हायला आलात, मी काय करू?"

ही सवय त्यांना कचेरीतून लागली होती. हैदराबाद राज्याच्या एका अनुवाद शाखेत ते मराठीचे मुख्य अनुवादक होते. सरकारी हुकूम आधी उर्दूत निघत, पुढे इंग्रजीत निघू लागले, आणि आमच्या शाखेत त्यांच्या मराठी, तेलुगू, कानडी नकला तयार होत. नक्कल झाली की मुकाबला. म्हणजे एकानं मूळ हुकूम मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवर बोट फिरवायचं आणि ओळ जुळली की म्हणायचं, "मिळालं." असं शेवटच्या सहीपर्यंत. मुन्शीजींनी आयुष्यभर हेच केलं होतं आणि जगात दुसरं काही करण्यासारखं आहे असं त्यांना वाटत नसे. भाजीवाली भाव सांगायची, तरी ते आदल्या दिवशीच्या भावाशी मुकाबला करायचे.

मी त्या शाखेत नव्यानं लागलो तेव्हा मुन्शीजींनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. गाव विचारलं की पुढचा प्रश्न कुठला येतो, हे मला माहीत होतं. माझे वडील मराठवाड्यातल्या एका खेड्यात येसकर. शाळेत मी दाराशी बसायचो आणि मास्तरांनी सबंध शाळाभर मला एकदाही धडा मोठ्यानं वाचायला उभं केलं नव्हतं. मुन्शीजींनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "आवाज आहे का गळ्यात?"

"आहे जी."

"मग हा हुकूम वाच. सावकाश. मी मिळवतो."

हुकूम जनावरांच्या कोंडवाड्याबद्दल होता. मी वाचत होतो, आणि एक जाडजूड, पिकल्या मिशांचा माणूस माझ्या प्रत्येक ओळीनंतर नम्रपणे म्हणत होता, "मिळालं." मी बी.ए. झालो त्या दिवशीही मला इतकं शिकल्यासारखं वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून ते मला 'बी.ए.साहेब' म्हणू लागले. त्यात अर्धी थट्टा होती. उरलेल्या अर्ध्यावर मी अजून जगतो आहे.

आता पुस्तकाबद्दल. ती लहान मुलांची एक अद्भुत कादंबरी होती, उर्दूतली. मुन्शीजी शाळेत असताना त्यांना बक्षीस मिळालेली. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत ते ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचत. गोष्ट अशी: एका राज्यात सावलीवर महसूल असतो. तो न भरल्यामुळे मेहेर नावाच्या मुलीची सावली सरकारजमा होते. ती सावली परत आणायला मेहेर निघते. वाटेत तिला एक बोलका, म्हातारा, कुरकुरा उंट भेटतो. तो तिला सगळं वाळवंट पार करून देतो, सावली मिळवून देतो आणि शेवटी सरहद्दीवर थांबतो. कारण सरहद्दीपलीकडे उंट बोलत नाहीत. मेहेर रडते, आणि सावली घेऊन एकटी घरी जाते.

हे पुस्तक मुळात कुठल्याशा विलायती भाषेतलं आहे, असं मी एकदा धीर करून म्हणालो.

"असेल," मुन्शीजी म्हणाले, "ती नक्कल असेल."

त्या वर्षांत या गोष्टीनं सिनेमावाल्यांना काय भुरळ घातली कोण जाणे. आधी इंग्रजीत सिनेमा निघाला. तो बघून मुंबईवाल्यांनी हिंदीत काढला. तो बघून मद्रासवाल्यांनी तेलुगूत काढायला घेतला. मुन्शीजींना हे आयतंच काम झालं. एक मूळ, तीन नकला, आमच्या शाखेसारखंच.

इंग्रजी सिनेमा आम्ही सिकंदराबादला पाहिला. पाहिला म्हणजे मी पाहिला. मुन्शीजींची नजर पुस्तकावर, बॅटरी पानावर, आणि पडद्यावर काय होतंय ते मी त्यांच्या कानाशी लागून सांगायचं. "मुलगी पलंगावर निजली आहे जी."

"पलंग कुठाय? पान पलटू का?"

"आता वाळवंट आलं."

"मिळालं. उंट?"

"उंट आहे, पण आत दोन माणसं आहेत. मागच्या माणसाची चाल पुढच्याशी जुळत नाही."

शेवटी ती मुलगी पलंगावर जागी झाली आणि उंट म्हणजे उशाशी ठेवलेलं कापडाचं खेळणं निघालं. मुन्शीजींनी बॅटरी विझवली. "म्हणजे झालंच नाही काही? साहेबलोक असेच. दीडशे वर्षं राहून जातात आणि म्हणतात, स्वप्न होतं."

हिंदी सिनेमात मेहेर वीस वर्षांची होती आणि तिला दर दहा मिनिटांनी गाणं होतं. सुलतान बाजाराजवळच्या त्या थिएटरात लोक पडद्यावर पैसे फेकत होते. मुन्शीजींचं बोट मात्र पान बारावर अडकून पडलं होतं, कारण पान बारानंतरचं काहीच आलं नव्हतं. मध्यंतरानंतर उंटाचा राजपुत्र झाला, मेहेरनं त्याच्याशी लग्न केलं आणि दोघं घोड्यावर बसून सरहद्द ओलांडून गेली.

"उंटाचा राजपुत्र झाला ते सोड," मुन्शीजी बाहेर आल्यावर म्हणाले. "पण उंट होता तोवर एक शब्द बोलला नाही, आणि राजपुत्र झाल्यावर तोंड मिटेना. ही सिफारशीची बढती आहे, बी.ए.साहेब."

मग आमच्या राज्याचेच तीन तुकडे करायचं ठरलं. मराठी भाग मुंबई राज्याकडे, कानडी म्हैसूरकडे, तेलुगू आंध्राकडे. माणसांची वाटणी व्हायच्या आधी सामानाची झाली. आमच्या शाखेतलं मोठं कपाट म्हैसूरच्या वाट्याला गेलं आणि त्याची किल्ली आंध्राच्या मोहरबंद लखोट्यात गेली. मुकाबल्याचं लांब टेबल कुणाला द्यावं यावर दोन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीला बसायला खुर्च्या नव्हत्या, त्या रवाना झाल्या होत्या.

माणसांची वाटणी करणारे अधिकारी तरुण होते आणि घाईत होते. माझी वाटणी एका शब्दात झाली, मुंबई. मुन्शीजींची बारी आली.

"मातृभाषा मराठी? मग मुंबई राज्य. सरळ आहे."

"सरळ नाही, साहेब. मुलगा औरंगाबादला आहे, तो बोलावतो. घरवाली इथल्याच नल्लकुंट्याची आहे, ती हलत नाही."

"तुम्हाला काय हवंय?"

मुन्शीजी गंभीरपणे म्हणाले, "तीन नकलांपैकी दोनच तपासून झाल्या आहेत. तिसरी अजून यायची आहे. मुकाबला पुरा झाल्याशिवाय मी सही करत नसतो."

अधिकाऱ्यांना ही कुठली तरी खात्याची फाईल वाटली. त्यांनी मुदत वाढवून दिली.

मला मात्र ठाऊक होतं की मुन्शीजी मनातून निघाले आहेत. मूळ तसंच होतं. मेहेर शेवटी घरी जाते. मराठी माणसानं मराठी राज्यात जावं, नक्कल अस्सलाशी मिळाली पाहिजे. त्यांनी पेटीला नवी कडी बसवून घेतली होती. प्रश्न होता तो काकूंचा.

काकू म्हणजे मुन्शीजींच्या पत्नी. मराठीच, पण जन्म नल्लकुंट्यातला. शेजारणींशी तेलुगू, दूधवाल्याशी दखनी आणि नवऱ्याशी तिन्ही भाषांत भांडणाऱ्या. त्यांच्या स्वयंपाकघरात मी पाटावर बसून जेवायचो आणि त्या मला आग्रह करत. ही गोष्ट मी माझ्या आईला सांगितली तेव्हा तिनं दोनदा विचारलं होतं, "आत बसून?"

"घरी जायचं म्हणतात," काकू माझ्या पानात आंबाडीची भाजी वाढत म्हणाल्या. "अहो, घर कुठलं तुमचं? गावाकडं चुलत्यानं भिंतीसुद्धा विकून खाल्ल्या."

"मुलूख तर आपला आहे की."

"हौ का? मागच्या साली मुलाच्या सासुरवाडीला गेलो तेव्हा काय झालं ते सांगू का बी.ए.ला? हे बोलायला लागले की ती पुण्याकडची माणसं पदराआड हसायची. शेवटी ह्यांनी चार दिवस तोंडच उघडलं नाही. चहा पाहिजे तर बोट दाखवायचे."

मुन्शीजी भाकरी मोडत राहिले.

"तुमच्या त्या पुस्तकातला उंट शहाणा आहे," काकू म्हणाल्या. "तिकडं बोलता येत नाही म्हणून गेला नाही."

"मुलगी तर गेली ना?" मुन्शीजी म्हणाले. "गोष्ट मुलीची आहे. उंटाची नाही."

काकू भाकरी आणायला चुलीकडे वळल्या. मी पाणी प्यायलो.

तेलुगू सिनेमा हिमायतनगराकडच्या थिएटरात लागला. दुपारचा खेळ. मला तेलुगू चार शब्दांपलीकडे येत नव्हतं आणि मुन्शीजींना त्याहून कमी, म्हणून काकूंना बरोबर घेतलं. रांग अशी: कडेला मी, मध्ये बॅटरी आणि पुस्तकासह मुन्शीजी, पलीकडे त्यांच्या कानाशी लागलेल्या काकू.

"मद्रासला उंट मिळाला नाही वाटतं," काकू म्हणाल्या. "बैल आहे."

"बैल!" मुन्शीजी इतक्या मोठ्यानं ओरडले की पुढच्या रांगेतलं एक मूल रडायला लागलं.

"पण चांगला आहे हो. शिंगांना गोंडे बांधलेत."

"पान एकावरच नक्कल बाद!"

पुढं सावली जप्त करणारा राजा राक्षस निघाला, वाळवंटाच्या जागी भातशेती आली, आणि खुद्द देवांनी ढगांतून उतरून महसूल माफ केला. मुन्शीजी प्रत्येक ठिकाणी "नाही मिळालं" म्हणत होते. गेटकीपर येऊन तेलुगूत काही बोलला. काकूंनी त्याला तेलुगूतच असं काही सुनावलं की तो आम्हा तिघांना सोड्याच्या बाटल्या देऊन गेला.

शेवटी सरहद्द आली. तिथं नदी होती. बैल काठाशी थांबला.

"बैल सांगतोय, पलीकडं माझं बोलणं बंद होईल," काकू सांगू लागल्या. "तू जा, असं म्हणतोय. मुलगी पाण्यात उतरली. गुडघ्याएवढं पाणी."

"मिळालं," मुन्शीजी म्हणाले. सबंध सिनेमात पहिल्यांदा. त्यांचं बोट शेवटच्या पानावर शेवटच्या ओळीशी होतं.

"पुढं?"

काकू पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. मला शब्द कळत नव्हते, पण पडदा दिसत होता. मी म्हणालो, "मुन्शीजी, ती थांबली. वळली. परत येतेय."

"परत कशी येईल? ओळच नाही तशी."

"येतेय जी. बैलाच्या गळ्यात पडली."

तेव्हा मुन्शीजींनी मान वर केली. तीन सिनेमांत तो माणूस पहिल्यांदाच पडदा पाहत होता. मुलगी ओल्या परकरानं काठावर बसली होती, तिच्या शेजारी बैल, आणि दोघांच्या सावल्या मागं भाताच्या शेतावर लांबच लांब पडल्या होत्या. मुलगी काहीतरी विचारत होती आणि बैल कुरकुरत उत्तर देत होता.

"काय म्हणतेय?" मुन्शीजींनी विचारलं.

"म्हणतेय, तू गप्प झालास तर मी घरी जाऊन बोलू कुणाशी?"

बॅटरी कधी विझली ते मला कळलं नाही. दिवे लागले, लोक उठले, तरी ते बसून होते. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि कोंडवाड्याचा हुकूम परत पाठवावा तशा आवाजात म्हणाले, "बी.ए.साहेब, मूळ चुकलंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं की मी इथंच राहतो. "तेलुगू येतं का?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "नाही. पण घरात दुभाषी आहे." त्यांना शिल्लक कर्मचारी ठरवून एका खोलीत बसवण्यात आलं. तिथं करायला काम नव्हतं आणि तपासायला नक्कल नव्हती. सरकारनं वाटणीत कुणालाच न दिलेलं ते मुकाबल्याचं लांब टेबल तेवढं त्याच खोलीत येऊन पडलं होतं.

मी मुंबईला निघालो तेव्हा नामपल्ली स्टेशनवर दोघं आली होती. काकूंनी भाकरी बांधून दिली. मुन्शीजींनी बॅटरी दिली. "पुस्तक देत नाही," ते म्हणाले. "चुकलेलं असलं तरी मूळ आहे. आणि हे बघ, तिकडं हसतील तुझ्या बोलण्याला. हसू देत. तू मोठ्यानंच वाचायचं."

हसले. मी 'हौ' म्हणालो की सचिवालयातलं अख्खं टेबल हसायचं. मी मोठ्यानंच वाचत राहिलो.

मुन्शीजी गेल्याचं मला पुष्कळ उशिरा कळलं. तेलुगू शाखेतले जुने सहकारी कामासाठी मुंबईला आले होते, त्यांनी सांगितलं. शेवटची काही वर्षं म्हणे मुन्शीजी दिवाळीच्या सुट्टीत ओसरीवर बसून गल्लीतल्या मुलांना ते पुस्तक वाचून दाखवायचे. मोडक्या तेलुगूत, आणि अडलं की आतून काकूंना हाक. पोरं त्यांचं तेलुगू सुधारायची, ते निमूट सुधारून घ्यायचे. बैल नाही, उंटच. पण शेवटच्या पानाशी आले की मेहेर नदीतून परत वळायची.

त्या वेळी ते एका लहान मुलीला शेजारी बसवून तिचं बोट शेवटच्या ओळीवर ठेवायला लावायचे. तिला उर्दू अक्षर ओळखू येत नव्हतं, आणि मुन्शीजी बोलत ते त्या ओळीत नव्हतंच. बोलून झालं की ते चष्म्यावरून तिच्याकडे पाहायचे. मराठीतला तिला येत होता तो एकच शब्द. ती बोट न हलवता म्हणायची, "मिळालं."