सावडीत नसलेलं घर

वडील झाडावरून पडले, उजवा हात कामातून गेला, आणि त्या वर्षीची आवणी, म्हणजे भाताची लावणी, आईनं एकटीनं केली. अकोले तालुक्यात डोंगराच्या कडेला आमची दोन खाचरं. बाकी गावाचं भात सावडीनं लागायचं. आज सगळ्याजणी तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. बांधापलीकडे पंधराएक बाया हसत-बोलत वाकलेल्या असायच्या. अलीकडे आई, आणि तिला रोपांच्या जुड्या देणारी मी. आवणीला उशीर झाला, रोपं जून झाली, भात हाती आलं ते निम्मं फोल. वर्षभर नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरीवर काढलं. गावानं आम्हाला टाकलं, हे माझ्या मनात पक्कं बसलं.

पुढे संगमनेरला एम.ए.ला समाजशास्त्र घेतलं. सिद्धांताचे घटक तोंडपाठ होते: संकल्पना, चल, गृहीतक, त्यांचे संबंध. परीक्षेत लिहिले, मार्क पडले. कळले होते असं मात्र नाही. प्रबंधाला सावड हाच विषय घेतला आणि गावात घरोघर विचारत फिरले, "आवणीला एकमेकांना मदत करता का?"

प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमनी कागद चाळले.

"सगळेच हो म्हणतायत. मग यात बदलतं काय?"

"काहीच नाही, मॅडम."

"जे बदलत नाही त्याला चल कशाला म्हणतेस? आणि मदत म्हणजे नेमकं काय, ते कुठं लिहिलंयस? महिन्याभरात नीट करून आण. नाहीतर विषय बदल."

विषय मी बदलणार नव्हते. मला त्या दोन खाचरांचं उत्तर हवं होतं.

गावाकडे येताना एसटीत डोक्यात उजेड पडला. मदत आणि सावड एक नव्हेच. मदत कुणी परत मागत नाही. सावड फेडावी लागते, दिवसाला दिवस. मग प्रश्न बदलला. गेल्या आवणीला तुमच्याकडे कोण आलं? तुम्ही कुणाकडे गेलात? आता उत्तरं वेगवेगळी यायला लागली. ज्या घरात राबणारे हात कमी, ते घर सावडीबाहेर. मी लगेच गृहीतक मांडलं: ज्याला फेडता येत नाही, त्याला गाव वगळतं. खूश झाले. आमच्यावरचा अन्याय आता शास्त्रानं सिद्ध होणार!

त्याच संध्याकाळी बांधापलीकडची चुलती घरी आली. मी तोंडावरच विचारलं, "काकी, तेव्हा आम्हाला का नाही घेतलं सावडीत?"

"आता इचारतीस व्हय? अगं, दोनदा आल्ते मी या दारात. तुजी आयच न्हाई म्हनली. लई ताठ्याची बाई!"

आई चुलीपुढे भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "ताठा कसला? तुमी पंधराजनी येनार. मी एकली पंधरा घरांची फेड कवा करू? ह्येंच्याकडं कोन बगनार?"

"मंग आमी काय फेड मागाय दारात बसलो असतो?"

"न्हाई मागितली असती. म्हनूनच न्हाई बोलावलं."

तव्यावरची भाकरी करपली, तेव्हा आई म्हणाली, "बगा, बोलन्यात ध्यान न्हाई ऱ्हायलं."

हात कमी आणि सावड बंद, हा संबंध मला बरोबर दिसला होता. तो का, हे मी माझ्या रागातून ठरवून टाकलं होतं. गावानं वगळलं नव्हतं; फेडता येणार नाही म्हणून आईच बाहेर राहिली होती. त्या 'का'चं उत्तर शोधून तपासायचं असतं, आणि ते नसेल तर बाकीचे घटक म्हणजे नुसत्या रचून ठेवलेल्या विटा, हे मला पुस्तकानं नाही, त्या संध्याकाळनं शिकवलं.

पुन्हा घरोघर गेले. बोलावणं आलं नाही, की आलेलं तुम्ही परतवलं? बरीच घरं आईसारखी निघाली. दोन घरांना मात्र खरोखर कुणी विचारलं नव्हतं. आईची बाजू खरी ठरावी म्हणून ती दोन घरं गाळायची, असं मी केलं नाही. का विचारलं नाही, तेही शोधून लिहिलं.

मॅडमनी विषय कायम ठेवला. प्रबंध मंजूर झाला आणि मी पहिल्या वर्गात एम.ए. झाले. आमच्या घरात माझ्याआधी दहावीही कुणी झालं नव्हतं.