शनिवारचा रेडिओ

जानेवारी १९९१. आखातात युद्ध पेटले होते आणि पेणजवळच्या आमच्या गावात दोन घरांचा जीव टांगणीला लागला होता. माझा भाऊ सौदीत दम्मामला वेल्डर होता. शेजारच्या ज्यू मावशींची मुलगी लग्न होऊन इस्रायलमध्ये अश्दोदला गेली होती.

शनिवार त्यांच्या धर्मात पाळायचा दिवस. मावशी त्या दिवशी विस्तवाला किंवा बटणाला हात लावत नसत. त्यांचा स्टोव्ह आई पेटवून द्यायची. त्या शनिवारी सकाळी मावशी आमच्या ओटीवर येऊन बसल्या. बातम्यांची वेळ झाली होती. रेडिओ समोर होता, पण आई तो लावत नव्हती. मी दारात उभा होतो. मीही लावला नाही.

“माझ्या हाताला आज बंदी हाय,” मावशी म्हणाल्या. “तुझ्या हाताला काय झालं गो?”

“भीती वाटते, मावशी. न ऐकलेलं बरं.”

“तुझ्यासाठी नको लावू. माझ्यासाठी लाव, स्टोव्ह पेटवतेस तसा.”

आईने बटण फिरवले. तेल अवीववर पुन्हा क्षेपणास्त्रे पडली होती. अश्दोदचे नाव आले नाही, दम्मामचेही नाही. बातम्या संपून गाणी लागली, तेव्हा आईने रेडिओ बंद करायला हात पुढे केला.

“राहू दे,” मावशी म्हणाल्या. “मला परत लावता यायचा नाय, नि तू लावायची नायस.”

दिवस मावळेपर्यंत रेडिओ चालू राहिला. बातम्या लागल्या की आई मावशींचा हात घट्ट धरायची.