मावशींचा बूट

बायकोच्या मावशींना बघताक्षणी सही करावीशी वाटेल असा कागद अमेरिकेत अजून छापला गेलेला नाही. नोकरीत त्यांनी जन्मभर पुलांचे तडे शोधले आणि निवृत्त झाल्यावर ओळखीपाळखीच्या मुलांचे शाळेचे कागद धरले. ज्या मुलांना खास मदत लागते, त्यांना ती कोणती द्यायची हे शाळा दरवर्षी आईबापांना बोलावून ठरवते. त्या मीटिंगला मावशी हौसेनं हजर. शिकागोच्या थंडीत नारायणपेठी साडी, खाली बर्फातले दणकट बूट आणि हातात डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानातून आणलेल्या बाकरवडीचा डबा. "तोंडात घास असला की माणसाला नो म्हणता येत नाही," हे त्यांचं शास्त्र. प्रत्येक पान बोट फिरवत वाचणार, मग पुन्हा पहिल्यापासून. प्रिन्सिपॉलबाई घड्याळाकडे बघू लागल्या की त्यांच्यापुढे आणखी एक बाकरवडी.

आमचा नील आठ वर्षांचा, ऑटिझममुळे फार थोडं बोलणारा. गेल्या वर्षी शाळेला त्याची स्पीच थेरपी बंद करायची होती. "घरी कसा बोलतो?" मीटिंगमध्ये प्रिन्सिपॉलबाईंनी गोड आवाजात विचारलं, आणि मी घरी पाहुणे आल्यासारखा फुललो. "फार छान! आमची अख्खी प्रार्थना पाठ म्हणतो!" समोर बसलेल्या शाळेच्या सहाही जणांनी भराभर लिहून घेतलं. तेवढ्यात टेबलाखालून माझ्या नडगीवर बूट बसला.

"अरे गाढवा, हे काय पाहुणे आहेत पोराचं कौतुक सांगायला?" मावशी मराठीत कडाडल्या. "त्या खड्याचं सांग!"

मग सांगावंच लागलं. आदल्या आठवड्यात नीलच्या बुटात खडा गेला होता. दिवसभर तो तसाच चालला, शाळेत कुणाला सांगू शकला नाही. घरी मोजा काढला तर टाच रक्ताळलेली. खोलीत बाकरवडी चावायचं थांबलं. थेरपी चालू राहिली.

पार्किंग लॉटमध्ये मला रडू आवरेना. आपल्याच पोराचं उणं चारचौघांत मांडून आलो होतो. मावशींनी उरलेला डबा माझ्या हातात कोंबला. "कौतुक मला सांगत जा. केव्हाही कॉल कर, मी ऐकते."

एवढं मोठं देणं कुणी इतक्या सहज दिलेलं मी पाहिलेलं नाही. परवा टीचरची चिठ्ठी आली. नीलनं आपणहून पाय पुढे करून "हर्ट्स" म्हटलं होतं. मी लगेच मावशींना फोन लावला. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं. त्यांनी ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. चौथ्यांदा मीच आपणहून सांगितलं.