वाय-अक्षावर वजा सहा

अकरा जानेवारी, रविवार. एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला, फी तेराशे रुपये. हजर आम्ही तिघं: मी, बायको आणि मुलगी. एकच वर्ष प्रयत्न करायचा, पुण्यात जागा मिळाली तर जायचं, नाहीतर आमच्या गावाहून, निरगुडसरहून, रोज जाऊन-येऊन मंचरला एमकॉम, असं मुलीनं स्वतःच ठरवलं होतं.

जमिनीच्या मोजणीत माझी सव्वीस वर्षं गेलेली, म्हणून आलेखावरचे प्रश्न मी घ्यायचो. रेषा वाय-अक्षाला कुठे छेदते? पहिलं विधान: चढ दोन आहे. दुसरं: ती (३, ०) मधून जाते. उत्तर काढायचं नसतं. दिलेली माहिती पुरेशी आहे का, एवढंच सांगायचं असतं.

"दोन्ही मिळून पुरेशी," ती म्हणाली. पंधरा सेकंद लागले असतील.

"कुठे छेदते पण?"

"पप्पा, ते विचारलंच नाय."

"तरी काढ."

तिनं काढलं. वजा सहा.

"आता ताळा घे."

मोजणीत दोन खुणांवरून हद्द निघाली, तरी तिसऱ्या खुणेवरून ताळा घेतल्याशिवाय मी कधी साखळी गुंडाळली नाही. बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, तिथं भावकी भांडायला उभी न्हाई. सोडा पोरीला!"

आम्ही हसलो. मी सोडलं नाही. रोज वीस प्रश्न, वीस उत्तरं, वीस ताळे. एकही चूक निघत नव्हती. घड्याळ मी कधी लावलंच नाही.

परीक्षा देऊन बाहेर आल्यावर तिनं आधी पाणी मागितलं.

"अकरा राहिले."

"अवघड होते?"

"वाचलेच नाहीत. सोडवलेत ते बरोबर असतील. ताळा घेतलाय."

आवाजात टोमणा नव्हता. एसटीत मी तिकिटाच्या मागे हिशोब मांडला. ताळ्यांचा वेळ वजा केला, तर अकरा प्रश्न आरामात बसत होते. पुन्हा मांडला, तेच आलं. मग शेतांत रचून झाकलेल्या कांद्याच्या अरणी बघत बसलो. वाटलं काहीच नाही.

पुण्याची जागा तीन गुणांनी गेली. पुढच्या वर्षी परत बस, म्हणालो.

"एकच वर्ष म्हणलं व्हतं ना, पप्पा."

मंचरच्या कॉलेजात खिडकीमागच्या क्लार्कला एमकॉमचे सहा हजार चारशे रुपये रोख दिले.