खांद्याचं दुखणं

आमच्या घरात गाईच्या सडांबद्दल पंगतीत बोललेलं चालायचं. कोणत्या सडातून दूध कमी येतं, कुठल्या सडाला सूज आहे, हे पुरुष भाताचा घास हातात धरून ठरवत. बाईच्या त्या अवयवाला मात्र शब्दच नव्हता. मूल अंगावर असेपर्यंत त्याला ‘दूध’ म्हणत. मूल सुटलं की नावही सुटायचं. मी महाडला मॅट्रिकपर्यंत शिकलेली, मिळेल ते पुस्तक वाचणारी. लग्न होऊन पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या त्या घरात आले तेव्हा वाटलं होतं, शब्द मी बरोबर आणलेत. थोड्याच दिवसांत मीही इतरांसारखी डोळ्यांनी बोलायला शिकले.

माझे यजमान मुंबईला गिरणीत. घरी सासूबाई, थोरले दीर आणि थोरली जाऊ. जावेला मी आक्का म्हणायची. गणपती गेल्यावर एका सकाळी तिनं मला पाठ चोळायला न्हाणीत बोलावलं आणि काही न बोलता माझा हात धरून छातीशी नेला. डावीकडे, कातडीखाली, फणसाच्या आठळीएवढं काहीतरी घट्ट होतं. बोटाखाली सरकत होतं.

“दुखतं?”

“नाय.”

“कधीपासून आहे?”

“आवणीच्या आधीपास्नं.”

म्हणजे सगळी भाताची आवणी तिनं हे अंगावर घेऊन, चिखलात वाकून केली होती.

“भावोजींना सांगितलंत?”

“त्यांना काय सांगू गो? त्यांनी कधी उजेडात बघितलंय?”

सासूबाईंना मात्र तिनं सांगितलं. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “दुखत नाय ना? मग काय नाय. दूध गोठलेलं असंल. नखानं दाबू नको. हलते तोवर हलू दे. हलायची थांबली की तिला हातच लावायचा नाय.”

“डॉक्टरला दाखवलं तर?” मी विचारलं.

“लोखंड लावंल तो. वरच्या वाडीतली ती नेली नव्हती मुंबैला? लोखंड लागलं नि गाठ अंगभर पसरली. परत आली ती जायलाच.”

वरच्या वाडीतल्या त्या बाईला उचलून न्यावं लागलं तेव्हाच मुंबईला नेलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण दोष लोखंडाचा ठरला होता आणि लोखंड काही उलट बोलणार नव्हतं. शिवाय सासूबाईंच्या सांगण्यात अशी खात्री होती, की माझी सगळी पुस्तकं त्यापुढे ऐकीव वाटली.

“कुणी विचारलं तं खांदा दुखतोय म्हणायचं,” त्यांनी निकाल दिला.

झालं. त्या दिवसापासून घरात खांद्याचं दुखणं आलं. शेजारणीनं निर्गुडीचा पाला आणून दिला. भावोजींनी पोलादपूरहून तेलाची बाटली आणली. आक्काच्या निरोगी खांद्याची इतकी बडदास्त राहिली, की तेवढी त्या घरात कुठल्या दुखऱ्या अवयवाची झाली नसेल.

खांद्यासाठीच भावोजी आम्हां दोघींना महाडजवळ सव गावच्या ऊन पाण्याच्या कुंडांवर घेऊन गेले. वाफेत बसून आक्का दोन्ही खांदे बुडवत होती आणि हळूच पाणी छातीवर घेत होती. आजूबाजूच्या बायकाही अशाच काहीतरी बुडवत, काहीतरी लपवत बसलेल्या. गाठ होती तशीच राहिली.

परतताना महाडला डॉक्टरकडे जायचं मीच आक्काकरवी सुचवलं, सासूबाईंच्या माघारी. डॉक्टरांच्या पाटीवर पदव्या इतक्या होत्या, की दवाखान्याचं दार तिच्यापुढे अरुंद दिसे. भावोजी बाहेर तंबाखू मळत थांबले. डॉक्टरांनी चोळीवरूनच खांदा दाबला, हात वर-खाली करायला लावला आणि समाधानानं म्हणाले, “सांधा उत्तम आहे.”

आक्का माझ्याकडे बघत राहिली.

“खांदा नाही, डॉक्टर,” मी म्हणाले.

एवढं बोलायला मला किती जोर लागला, हे आज सांगून पटायचं नाही. डॉक्टरांचा मोठा आवाज एकदम खाली आला. त्यांनी आतून बायकोला बोलावून जवळ उभी केली, मग पदरावरूनच तपासलं. “मुंबईला न्या,” म्हणाले. “लवकर. ही काढावी लागेल.”

तेवढ्यात भावोजी आत आले. “काय निघालं डॉक्टरसाहेब?”

डॉक्टरांनी आक्काकडे बघितलं. पदराआडून तिची मान किंचित आडवी हलली.

“खांदा,” डॉक्टर म्हणाले. “मुंबईला दाखवलेला बरा.”

पाटीवरच्या एकाही पदवीनं तिथे तोंड उघडलं नाही.

भावोजी वाईट माणूस नव्हते. पालखीचे मानकरी असल्यामुळे कुठलीही गोष्ट बोलण्याआधी ते एकदा खाकरत, मग टोपी सारखी करत, आणि मग बोलत ते ठराव मांडल्यासारखं. “खांद्यासाठी मुंबै?” ते म्हणाले. “भात कापायला झालंय. बघू. देवीला कौल लावू.”

आमच्याकडे विहीर खणायची असो, सोयरीक करायची असो, देवीचा कौल घेतल्याशिवाय पाऊल उचलत नसत. गुरव देवीच्या पाषाणाला दोन बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो आणि चारचौघांसमोर मोठ्यानं प्रश्न विचारतो. उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आम्ही बायका पायरीखाली उभ्या. आतून गुरवाचा आवाज आला, “मानकऱ्यांच्या घरच्या लक्ष्मीचा खांदा दुखतोय. मुंबैला न्यावी काय? न्यायची तं उजवी दे.”

बऱ्याच वेळानं डावी पडली.

भावोजी गाभाऱ्यातून बाहेर आले ते खटला जिंकल्यासारखे. “जायची गरज नाय,” त्यांनी जाहीर केलं. मागचे चारजण माना हलवत होते. देवीचं तरी काय चुकलं? जे विचारलं त्याचं तिनं अचूक उत्तर दिलं होतं. आक्काचा खांदा खरोखरच चांगला होता.

वाटेत मी कुजबुजले, “आता तरी सांगा. भलतंच विचारलंय.”

“आता कसं सांगू? देवीसमोर खोटं बोलले म्हणतील त्यांना. पालखीचा मान जाईल त्यांचा.” मग थोडं चालून म्हणाली, “आधी लाज होती, ती एक वेळ सोडली असती. आता देवीला मध्ये घेतलीन.”

त्या हिवाळ्यात भात झोडून झालं, वाल पेरून झाले, आणि आठळी हलायची थांबली. तिच्यावरची कातडी आत ओढली जाऊ लागली. आक्का रोज अंघोळीनंतर मला बोलवायची, मी हात लावायची, आणि दोघी बाहेर यायचो. मी भावोजींशी परस्पर बोलणं रीतीत बसत नव्हतं. आक्का बोलली असती तर नवरा खोटा पडला असता. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, “काखेत आली काय?” आणि पुन्हा सुपात मान घातली.

मग शिमगा आला. शिमग्यात देवी पालखीतून स्वतः घरी येते. बाईला गाभाऱ्यात पाय ठेवता येत नाही, पण अंगणात आलेल्या पालखीसमोर ती ओटी भरते आणि मनातलं देवीशी बोलते. तेवढा वेळ तिला कुणी थांबवत नाही. साधारणपणे बायका पुटपुटतात आणि पुरुष ढोलाकडे बघतात.

आक्कानं ओटी भरली, नारळ ठेवला, आणि पुटपुटली नाही.

“माये, तुला माझ्या खांद्याचं विचारलं. माझा खांदा धड हाय. दुखणं हितं हाय.” आणि तिनं पदरावरून छातीवर हात ठेवला. “गाठ हाय. त्यांना म्हायत नव्हतं. मीच सांगितलं नाय.”

ढोल आपोआप थांबला. पालखी खांद्यावर घेतलेल्यांनी कुठे बघावं ते त्यांना कळेना. भावोजी खाकरले. पण त्या खाकरण्यामागून वाक्य आलं नाही. असं मी त्यांच्या बाबतीत तेव्हाच पाहिलं.

“मग हे तं विचारलंच नाय,” गुरव म्हणाला.

एक म्हातारे मानकरी पुढे झाले. “परत विचारू. पालखी देवळात गेली की कौल लावू.”

“नको,” आक्का म्हणाली. “विचारलं नाय, तं तिनं नाय पण म्हटलेलं नाय. परत विचारलात नि डावी पडली तं मी कुठं जाऊ?”

शेवटी भावोजी ढोलाकडे बघून, ढोलालाच सांगितल्यासारखं म्हणाले, “पालखी देवळात बसली की निघू मुंबैला.”

निघालो त्या दिवशी महाडला चवदार तळ्यावर सभा होती. गर्दीमुळे यष्टी बराच वेळ खोळंबली. पांढऱ्या लुगड्यातल्या बायका पोरांना कडेवर घेऊन तळ्याकडे चालल्या होत्या. त्यांच्या माणसांनी ते पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा कुणाचा कौल लावला नव्हता. आमच्या घरात त्या गोष्टीबद्दल चांगलं बोलायची पद्धत नव्हती. आक्का खिडकीतून त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “लोखंड लागून पसरली तं गो?”

पुस्तकातलं एखादं उत्तर देता आलं असतं. ते दिलं नाही.

मुंबईच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “इतके दिवस काय करत होता?” भावोजी म्हणाले, “खांद्याला तेल लावत होतो.” त्यांच्या तोंडून इतकं सरळ वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही.

आक्का परत आली. डाव्या बाजूला चोळीत ती कापसाची गुंडाळी घालायची. लोखंड लागूनही ती चालते-फिरते, हे बघायला आधी बायका नुसत्या यायच्या. मग दुपारी पुरुष शेतावर असताना एकेकटी येऊ लागल्या. “आक्का, जरा खांदा बघ,” असं म्हणायच्या. आक्का दार लोटायची आणि चोळीखाली हात घालायची. एकीला घरच्यांनी मुंबईला नेलं. बाकीच्या काही नाही म्हटल्यावर मोकळा श्वास घेऊन जायच्या. शब्द तेवढा खांद्याचाच राहिला.

एका दुपारी सासूबाई सूप बाजूला ठेवून आक्कासमोर येऊन बसल्या. “माझा पण बघ.”

आक्काचा हात आत गेला आणि तिथेच थांबला. सुपावरून मान न उचलता सासूबाईंनी सांगितलेलं सगळं मला आठवलं, हलते तोवर हलू दे, काखेत आली काय.

“कधीपास्नं हाय?”

“तुझ्या आधीपास्नं. मला न्यायचं नाय कुठं. नुसतं सांग, तीच हाय काय.”

“तीच हाय.”

त्यांनी मान हलवली, पदर सारखा केला, आणि सूप पुन्हा मांडीवर ओढलं.