चित्ता कापड भिजवत नाही

सोमवार, ११ मार्च. सकाळचे दूध नासले. दुसरी पिशवी आणली. धोब्याने उशांचे दोन अभ्रे कमी दिले. धाकट्या जावेचा फोन: "वहिनी, सिंह परत आला, दुकानात लवकर या." गेले. धाकटे भाऊजी गुहा नाहीशी झालेली पाहून स्टुलावर मटकन बसले होते.

सिंह म्हणजे धाकटीचा नवरा, पडद्यांचा दुकानदार. लग्न होऊन आली तेव्हा धाकटीला वाटलं होतं, पडदे विकणाऱ्या माणसाशी संसार म्हणजे निवांत काम. बरीच वर्षं ते खरंही ठरलं. तो घरोघर जाऊन खिडक्या मोजायचा, मागच्या खोलीत कटिंग मास्तर कापड कापायचे आणि धाकटी मशीनवर बसायची. माणूस चांगला होता. फक्त त्याला कोणीतरी मोठं व्हायचं होतं आणि कोण, ते ठरत नव्हतं.

ते एका शिबिरात ठरलं. शिबिराचं नाव 'जंगलातून यशाकडे'. गार हॉल, मऊ खुर्च्या, आणि ज्याने मांजरही पाळलं नसावं असा एक टायवाला वक्ता. त्याने हॉलभर माणसांना एकदम डरकाळी फोडायला लावली. भाऊजी घसा बसवूनच घरी आले.

"सिंह दिवसाचे वीस तास झोपतो," जेवताना ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "ताकद साठवतो."

"ते तुम्ही आधीपासूनच करता," धाकटी म्हणाली. "त्याला शिबिर कशाला हवं होतं?"

दुसऱ्या दिवसापासून भाऊजींनी खिडक्या मोजायला जाणं बंद केलं. सिंह कोणाच्या दारात जात नाही म्हणे. गिऱ्हाइकांनीच मापं आणावीत. गिऱ्हाइकं आणू लागली. एकाने दोरीला गाठ मारून आणली आणि वाटेत गाठ सुटली. एक आजोबा छत्रीने खिडकी मोजून छत्रीच घेऊन आले. "साडेतीन छत्र्या," ते म्हणाले, "आणि ही मूठ धरू नका."

मग दुकानात गुहा झाली. तिसरा हिस्सा जागा अडवून भाऊजींनी सिंहाच्या रंगाच्या जाड, महागड्या कापडाचे पडदे छतापासून जमिनीपर्यंत सोडले. आत फिरती खुर्ची, खुर्चीमागे आयाळ पिंजारलेल्या सिंहाचं चित्र. गिऱ्हाईक आलं की आतून घसा खाकरल्याचा आवाज यायचा आणि बराच वेळ कोणीच बाहेर यायचं नाही. दबा धरण्याचा धडा होता तो. गिऱ्हाईक तेवढ्यात पलीकडच्या दुकानात जायचं.

त्यानंतर सरडा आला. समोरच्याचा रंग घ्यायचा, म्हणजे समोरचा आपला होतो. एक जोडपं पडदे घ्यायला आलं. बाईंना निळे हवे होते, नवऱ्याला करडे. भाऊजी बाईंकडे वळून निळ्याची तारीफ करत, नवऱ्याकडे वळून करड्याची. अर्ध्या तासाने ती दोघं एकमेकांशी न बोलता, पडदे न घेता बाहेर पडली.

असं करत करत एकच काम हातात उरलं: नवीन हॉटेलच्या सगळ्या खोल्यांचे पडदे. उद्घाटन मंगळवारी. ते काम गेलं असतं तर दुकानाचं शटर कायमचं खाली आलं असतं. हे सिंह सोडून सगळ्यांना दिसत होतं. धाकटीला तर झोप नव्हती. उभी हयात तिने त्या मशीनवर काढली होती. ते दुकान म्हणजे तिचा अर्धा संसार होता.

आणि नेमका त्याच वेळी चित्ता आला. वेग, वेग, वेग!

सासऱ्यांपासून दुकानाची एक रीत होती. सुती कापड आधी हौदात भिजवायचं, गच्चीवर वाळवायचं, इस्त्री करायची आणि मगच कात्री लावायची. कापड जे काही आटायचं ते आपल्याकडे आटू दे, गिऱ्हाइकाकडे नको.

"यात दोन दिवस फुकट जातात," भाऊजी म्हणाले. "थेट कापा."

"शेठ, सुती आहे. आटणार," मास्तर म्हणाले.

"चित्ता कापड भिजवत बसतो का?"

"चित्ता कापड कापतही नाही, शेठ."

पण मालक मालक असतो. पडदे विक्रमी वेळात गेले. हॉटेलवाल्यांनी टांगण्याआधी ते एकदा धुऊन घेतले आणि शनिवारी सकाळी तिथल्या मॅनेजर बाई गठ्ठा घेऊन दुकानात उभ्या राहिल्या.

"तुमचे पडदे हाफ पँटीत उभे आहेत," त्या म्हणाल्या. "खालून अख्खी वीत उघडी. सोमवारी दुपारपर्यंत पूर्ण लांबीचे द्या, नाहीतर मी दुसरीकडून तयार घेते."

धाकटीने गुहेकडे पाहिलं. आतून घसा खाकरल्याचाही आवाज आला नाही.

बाई गेल्यावर भाऊजी बाहेर आले. तोंडावर विलक्षण शांती होती. "वादळात बाकीचे पक्षी आडोसा शोधतात," ते म्हणाले. "गरुड ढगांच्या वर जातो."

"म्हणजे?"

"शिबिराचा दुसरा भाग आहे. डोंगरावर. फोन बंद ठेवायचा असतो."

"अहो, असं सोडून जाताय?"

"सोडून नाही गं. वर."

आणि दुपारच्या बसने गरुड वर गेला.

धाकटी रडेल असं मास्तरांना वाटलं. ती हिशेब करायला बसली. तेच कापड पुन्हा मिळायला आठवडा लागला असता. खाली पट्टी जोडता आली असती, पण सगळ्या खोल्यांना पुरेल एवढं एकरंगी कापड दुकानात कुठे होतं? हिशेब करता करता तिची नजर समोर गेली. मग वर, छतापर्यंत. मग पुन्हा खाली.

"मास्तर," ती म्हणाली, "शिडी आणा."

गुहा उतरायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. पण यावेळी कापड आधी हौदात बुडालं. रविवारी बाजार बंद, ऊन कडक. गच्चीवर सिंहाच्या रंगाचे लांबच लांब पडदे फडफडत होते. मला बोलावून घेतलं. मी चष्मा लावून जुन्या दुमडी उसवल्या, मास्तरांनी पट्ट्या कापल्या, धाकटीने मशीन चालवलं. मध्येच मास्तर धाकटीला म्हणाले, "वहिनी, तो सिंहाचा फोटो भिंतीवर एकटाच राहिला." धाकटी म्हणाली, "राहू दे. वीस तास झोपू दे त्याला."

सोमवारी सकाळी पडदे पोचले. मॅनेजर बाईंनी एक खिडकी लावून पाहिली, दोन पावलं मागे सरकल्या. "पट्टीने उठाव आला हो. आधीच असे का नाही केले?" धाकटीने पुढच्या खिडकीचा पडदा उलगडला. काम राहिलं. दुकान राहिलं.

तासाभराने गरुड खाली आला. नाक उन्हाने सोललेलं. सगळी हकिकत स्टुलावर बसून ऐकली, घोटभर पाणी प्यायला आणि हळूहळू चेहऱ्यावर तेज चढलं.

"साप," ते म्हणाले. "साप कात टाकतो. मीसुद्धा गुहा टाकली. बघ, धडा बरोबर निघाला."

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. मी चष्मा काढला. धाकटी उठली, मागच्या खोलीत गेली आणि न भिजवलेल्या कापडाचा नवा तागा आणून भाऊजींच्या मांडीवर ठेवला.

"पाणघोड्याविषयी काही सांगितलं का हो तिथे?"

"पाणघोडा? नाही बुवा. का?"

"दिवसभर पाण्यात उभा असतो. कोणाला त्रास नाही." तिने हौदाकडे बोट दाखवलं. "आजपासून तुम्ही पाणघोडा. पँट वर घ्या. हा झाला की दोन तागे आणखी आहेत."

भाऊजींनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी इस्त्रीकडे पाहिलं. मग भाऊजींनी निमूटपणे पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. हौदात उतरताना ते पुटपुटले, "पाणघोड्याची ताकद मोठी असते म्हणतात."

"असू दे," धाकटी म्हणाली. "कोपरे नीट बुडवा."

संध्याकाळी: धोब्याने अभ्रे आणून दिले. गुहेच्या कापडाचा तुकडा उरला होता, तो न्हाणीघरापुढे पायपुसणे म्हणून टाकला. रंग जात नाही.